ठरलेला वार

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की आमच्या केज तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर एक निराळीच लगबग सुरू होते. भांडीकुंडी पोत्यांत भरली जातात. कोयत्यांना धार लावली जाते. शेळी कुणाच्या स्वाधीन करायची, कोणत्या लेकराला सोबत न्यायचे आणि कोणाला मागे ठेवायचे, याचा खल होतो. मग दिवाळीच्या आगेमागे एखाद्या रात्री वेशीपाशी ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. माणसे, पोती, कोंबड्या, तान्ही मुले असा सगळा संसार ट्रॉलीत चढतो आणि पहाटेपर्यंत गाव अर्धे रिकामे होते. उजाडल्यावर गल्लीतून चालू लागावे तर एकामागून एक कुलपे दिसतात. ज्या दाराला कुलूप नसते, त्या दाराशी एखादी म्हातारी किंवा एखादा म्हातारा बसलेला असतो.

हे दृश्य मी तेहतीस वर्षे पाहिले. १९८३ साली मी या तालुक्यातील एका उपकेंद्रात परिचारिका म्हणून रुजू झाले आणि २०१६ साली निवृत्त झाले. वाचकहो, ऊसतोड कामगारांच्या कष्टांविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. कडाक्याच्या थंडीत पहाटे उठून फडात उतरणारी जोडपी, उसाच्या पाचटाच्या कोप्या, मुकादमाकडून घेतलेली आणि कधी पुरती न फिटणारी उचल, या सर्व गोष्टी लिहिल्या गेल्या आहेत आणि पुढेही लिहिल्या गेल्या पाहिजेत. मला मात्र आज त्या कुलूप नसलेल्या दारांविषयी लिहायचे आहे.

या कहाणीचे दुसरे टोक मी लहानपणीच पाहिले होते. माझे माहेर तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, श्रीरामपूर तालुक्यातले. मतमाउलीच्या यात्रेमुळे हरेगावचे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच परिसरात मी वाढले. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होते. हिवाळा आला की कारखान्याभोवतीच्या माळावर एका रात्रीत कोप्यांचे गाव वसे. ही माणसे बीडकडून, पाथर्डीकडून येतात एवढेच आम्हां मुलांना माहीत होते. आई कधीमधी त्यांच्यातल्या एका बाईला ताक देई. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा मी त्या बाईला विचारले, "मावशी, तुमच्या घरी आता कोण असतं?" ती चुलीत पाचट सारीत सहज म्हणाली, "सासू हाय की. घराला कुलूप नको म्हनून ठिवलीय तिला."

त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. घर आहे म्हणजे राखणीला कुणीतरी हवेच, असे वाटले. पंधरा-सोळा वर्षांनी नोकरीच्या निमित्ताने मी बालाघाटाच्या या पठारावर आले, पहिल्या दिवाळीनंतर रिकाम्या गल्लीतून हिंडले, तेव्हा ते वाक्य मला आठवले आणि त्याचा अर्थ उमगला. दाराशी बसलेली ती म्हातारी घराचे कुलूप झालेली होती. कुलपाला बाहेरचा माणूस हात लावून बघतो. त्याच्याशी बोलत कुणी नाही.

त्यात मुलांचा दोष काढण्यास मन धजत नाही. उसाच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाचा हिशेब अर्ध्या कोयत्याचा. उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, माघारी फिरणे अवघड. ज्याचे गुडघे गेले, ज्याला मोळी उचलत नाही, त्याला कोपीत नेऊन काय करायचे? उलट घर राखायला, शेळीला पाला टाकायला आणि शाळेत जाणाऱ्या नातवंडाला भाकरी करून घालायला त्याची मागेच गरज. जाताना मुलगा ज्वारीचे पोते भरून ठेवतो, सून मिरची-मीठ लावून देते. पोट भरण्याची व्यवस्था बहुतेक घरांत, ऐपतीप्रमाणे का होईना, केलेली असते. पोटाखेरीज माणसाला आणखी काही लागते, याचा विचार करायला सवड कोणाला?

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला एक कोडे पडे. पावसाळ्यात माझ्याकडे येणारे रोगी तरुण असत. साप, विंचू, ताप, बाळंतपणे. दिवाळीनंतर मात्र उपकेंद्राच्या पायरीवर म्हाताऱ्यांची रांग लागे. "बाई, बीपी बघा की." मी दंडाला पट्टा गुंडाळी, फुगा दाबी, पारा चढे-उतरे. दहांपैकी सहा-सात जणांचा रक्तदाब ठीक असे. मी तसे सांगितले की ते खूश होण्याऐवजी जरा हिरमुसत. दोन दिवसांनी तीच माणसे पुन्हा पायरीवर. तरुण वय, कामाचा उरक, मी कधी कधी चिडून म्हणे, "आजी, तुम्हांला काही झालेलं नाही. उगीच कशाला हेलपाटा घालता?" एका आजीने यावर जे उत्तर दिले ते मी विसरलेले नाही. ती म्हणाली, "तुमी दंड धरता नव्हं, तेवढंच बरं वाटतंय."

दोन-दोन महिने त्या दंडाला कोणाचा हात लागलेला नसे, हे माझ्या ध्यानात यायला एवढी वर्षे जावी लागली.

माझ्या कार्यक्षेत्रात मुख्य गावापासून आडबाजूला एक वाडी होती. तिथे जाण्याचा माझा वार बुधवार. वाडीच्या तोंडाशी एक लिंबाचे झाड आणि त्या झाडाखाली माझी वाट पाहणारी एक म्हातारी. सगळे तिला माय म्हणत, मीही म्हणू लागले. दोन्ही मुलगे आणि सुना ऊसतोडीला, एकुलती लेक लांबच्या गावी दिलेली. माय माझी पिशवी ओढून घेई, मला घरोघर फिरवी, कोणाला ताप आहे, कोणाची सून पोटुशी आहे हे सांगे. काम संपले की तिच्या ओट्यावर कोरा चहा. चहा घेताना ती हटकून एकच प्रश्न विचारी: "आता पुढच्या बुधवारीच का?" मी हो म्हटले, की ती समाधानाने मान डोलावी. मला तो प्रश्न नुसता बोलण्याचा रिवाज वाटे.

१९९६चा डिसेंबर महिना. देशभर पल्स पोलिओची मोहीम होती. लसीच्या पेट्या, याद्या, बैठका यांत मी बुडून गेले आणि वाडीचे दोन बुधवार चुकले. वाडीला निरोप पाठवता आला असता. शाळेचे गुरुजी रोज सायकलवरून तिकडे जात. पण ते मला सुचले नाही, कारण कळवण्याजोगे काही आहे असेच मला वाटले नाही.

तिसऱ्या बुधवारी मी गेले तर लिंबाखाली कोणी नव्हते. मायचे दार नुसते लोटलेले. आत ती गोधडीत पडून होती. अंगात ताप, जीभ कोरडी, चूल थंड. शेजारच्या म्हातारीला वाटले होते की माय लेकीकडे गेली असेल. चार दिवस ती तशी पडून होती. आम्ही जीप मिळवून तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेले. वाटेत तिने माझा हात धरला आणि डोळे न उघडताच म्हणाली, "दोन बुधवार गेले, बाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब होता. ती ते वार मोजत होती.

माय पाचव्या दिवशी गेली. मुलांना कारखान्यावर निरोप पोहोचायला आणि तिथून निघायला वेळ लागला. ते आले तेव्हा सारे आटोपले होते. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि ते खरेच होते. मी बुधवारी गेले असते तर ती जगलीच असती, असे मी म्हणू शकत नाही. पण चार दिवस चूल पेटली नाही आणि ते कोणालाही कळले नाही, एवढे मात्र माझ्या चुकण्यामुळे घडले. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

त्या दिवसांत मला माझी आजी फार आठवे. शेवटची सहा वर्षे ती अंथरुणाला खिळून होती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर येत, हे आपल्या सर्वच कुटुंबांना परिचित आहे. आजीचा महिना त्या शुक्रवारभोवती फिरे. आदल्या दिवशी ती आईकडून केस विंचरून घेई, स्टुलावर पांढरे कापड आहे ना, मेणबत्ती आहे ना, हे चारचारदा विचारी. फादर असतील-नसतील दहा मिनिटे. पण त्या दहा मिनिटांपूर्वीचे आठ दिवस वाट पाहण्यात जात आणि नंतरचे आठ दिवस झालेले सांगण्यात. ती एकटी पडली नाही याचे कारण तिच्याकडे माणसांचा राबता होता असे नव्हे. आम्ही सगळे दिवसभर बाहेरच असू. तिच्यापाशी एक ठरलेला दिवस होता. मायपाशीही एक होता. तो मी न सांगता काढून घेतला.

माणसाचे एकटेपण मोजायचे कशाने? मराठीत एकांत आणि एकाकीपणा असे दोन शब्द आहेत, आणि ते वेगळे आहेत हे खेड्यातल्या अडाणी माणसालाही कळते. एकांत आपण मागून घेतो. एकाकीपणा आपल्यावर येऊन पडतो. भरल्या घरात माणूस एकाकी असू शकतो आणि रानातल्या खोपटातला गुराखी नसू शकतो. मला वाटते, आपली कोणी वाट पाहत नाही आणि आपल्यालाही कोणाची वाट पाहायची नाही, असे ज्या दिवशी मनात येते त्या दिवशी माणूस एकाकी होतो.

मग मी काय केले? फार मोठे असे काहीच नाही. संक्रांतीनंतर वाडीवरच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना मी लिंबाखाली बोलावले. अकरा जण होते. मायचे नाव निघाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका आजीने तोडगा सुचवला. ती म्हणाली, "सकाळी दारात सडा पडतोय का नाही, तेवढं बघावं. सडा नाही, तर हाक मारावी." इतकी साधी गोष्ट! हातपाय हलत असतील तोवर बाई दारात सडा घातल्याशिवाय राहत नाही. ज्या घरात फक्त पुरुष, त्याने दार उघडून बाहेर बाज टाकायची, असे ठरले.

हे पाहत फिरायचे कोणी? तिथे एक आबा होते. जन्मभर बैलगाडी घेऊन उसाच्या वाहतुकीला गेलेले. आता गुडघे धरलेले. उपकेंद्राच्या पायरीवर सर्वांत जास्त हेलपाटे त्यांचेच. "बाई, कोयता बोथट झाला तर धार लावता येती. मी पार झिजलो," असे ते नेहमी म्हणत. मी त्यांना म्हटले, "आबा, उजाडताना काठी टेकत एक फेरी मारायची. अकरा दारं. जमेल का?" त्यांनी विचारले, "आन् ऱ्हायलो घरी तर?" मी म्हटले, "तर मला बुधवारी सांगायचं, का राहिलात ते." आबांनी ती फेरी पुढे सात हंगाम चुकवली नाही. गुडघे दुखतच राहिले. पण पायरीवरचे हेलपाटे थांबले.

सगळे गोड झाले असे नाही. एका आजीने आबांना पहिल्याच आठवड्यात दारातून घालवून दिले. "मी मेले का बघाया येता व्हय?" असे तिने खडसावले. तिचे बरोबरच होते. कोणी आपल्याला रोज तपासून जावे, हे कोणत्या स्वाभिमानी माणसाला रुचेल? आबा हुशार. दुसऱ्या दिवशी ते तिच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "जरा चुना दे गं तंबाखूला." तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे ती आजी डबीत चुना भरून ओट्यावर बसू लागली आणि आबांना उशीर झाला तर तीच ओरडू लागली. नोकरीत अनेक प्रशिक्षणे घेतली, पण हा धडा मला आबांनी दिला: एकाकी माणसाकडे काही द्यायला जाण्यापेक्षा काही मागायला जावे. देणाऱ्याचे उपकार होतात. मागणाऱ्याची वाट पाहिली जाते.

त्यानंतर मी मागण्याची सवयच लावून घेतली. बाळंतिणीला शेक कसा द्यावा हे नव्या सुनांना दाखवायला आजींना बोलावू लागले. शाळेतल्या गुरुजींनी जात्यावरच्या ओव्या म्हणायला दोघींना शाळेत नेले. दोन म्हाताऱ्यांनी आपण होऊन चुली एक केल्या. एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा येतो, दोघींसाठी येत नाही. सामूहिक जेवणाचा हा विचार आमच्या भागात इतरांनीही केला आहे. अंबाजोगाई येथे १९८२ साली डॉ. द्वारकादास लोहिया यांनी सुरू केलेल्या 'मानवलोक' संस्थेने निराधार वृद्धांसाठी गावातच एकत्र जेवणाची सोय उभी करण्याचे काम केले. डबा घरी पोहोचवला तर पोट भरते. पंगतीला बोलावले तर माणूस केस विंचरून, धुवट कपडे घालून घराबाहेर पडतो. फरक दिसायला लहान आहे.

मागे राहणाऱ्यांत मुलेही असतात, हे येथे सांगितले पाहिजे. आजीच्या पदराला धरून सहा महिने काढणारे सातवीतले पोर, आजी निजल्यावर एकटेच दिव्याकडे बघत बसते. त्यांचा विचार थोडाफार होऊ लागला आहे. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 'शांतिवन' उभे केले, तिथे ऊसतोड कामगारांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले वाढली, शिकली. २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु नातवंड वसतिगृहात गेले की घरातली आजी आणखी एक पायरी एकटी होते, हेही विसरून चालणार नाही. एक दुखणे बरे करताना दुसरे वाढणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

म्हाताऱ्यांसाठी सरकार काहीच करीत नाही असे म्हणता येणार नाही. श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ पासून दरमहा १५०० रुपये झाले. २०२२च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला, आणि त्याचा एक परिणाम कोणी योजिला नसेल असा झाला. केजच्या बसस्थानकावर मला अशी म्हातारी माणसे भेटतात, की ज्यांना कुठेही जायचे नसते. अंबाजोगाईला जायचे, कळंबला जायचे, शेजारच्या आसनावरच्या माणसाला चार सुखदुःखे सांगायची आणि परतीच्या गाडीने यायचे. वाहकांना ही माणसे ओळखू येतात. त्यांतले काही समजुतीने विचारतात, "काय आजोबा, आज कुणीकडं?" एखाद्याचा दिवस त्या एका प्रश्नावर निभावून जातो.

हे दुखणे केवळ आपल्या दुष्काळी मुलखाचे आहे असेही नाही. ज्या देशांत वृद्धांना निवृत्तिवेतन आहे, घरे उबदार आहेत, तिथेही ते आहे. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी स्वतंत्रपणे एका मंत्र्याकडे सोपवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालात म्हटले आहे, की जगात सहांतील एका माणसाला एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. विशेष म्हणजे त्यात तरुणांचे प्रमाणही मोठे आहे. मी हा आकडा वाचला तेव्हा माझ्यासमोर मायची थंड चूल उभी राहिली. तिच्या कागदांवर न्यूमोनिया लिहिले होते.

या संदर्भात आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशाची एक हकिगत मला फार भावली. तिथे मनोविकारतज्ज्ञ मोजके. आपली एक तरुण रुग्ण बसभाड्याअभावी दवाखान्यात पोहोचू शकली नाही आणि तिने जीव दिला, हे कळल्यावर डिक्सन चिबांडा नावाच्या डॉक्टरांनी २००६ साली हरारे शहरात एक प्रयोग आरंभला. त्यांनी वस्तीतल्या चौदा आज्यांना हाताशी धरले, त्यांना ऐकून घेण्याचे शिक्षण दिले आणि दवाखान्याच्या आवारात त्यांच्यासाठी लाकडी बाके मांडली. त्यांच्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अतिविचार. आमच्याकडच्या आज्याही नेमके हेच सांगतात: "लई इचार येतेत, बाई." मन खचलेली माणसे त्या बाकावर येऊन आजीशी बोलू लागली. नेहमीच्या उपचारांपेक्षा या बाकावरच्या बोलण्याने रुग्णांना अधिक आराम पडतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. ते वाचून मला आबांच्या चुन्याच्या डबीची आठवण झाली. ज्यांना आपण मदतीची गरज असलेले समजतो, त्यांच्याचकडे मदत मागितली, तर दोघांचेही भागते.

आता माझ्याविषयी थोडे. निवृत्तीनंतर मी केजमध्येच राहिले. यजमान २०१९ साली गेले. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला. दोघेही फोन करतात, बोलावतातही. मी जाते, पंधरा दिवस राहते, परत येते. २०२०च्या टाळेबंदीत कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड कामगारांच्या बातम्या वाचताना त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांची काळजी करीत मी दाराशी बसून असे, आणि एके दिवशी माझ्या मनात आले, की मीही दाराशीच बसले आहे. पुढे टाळेबंदी उठल्यावर माझ्या लक्षात आले, की मी कारण नसताना बँकेत जाते, पासबुक भरून घेते. औषधाच्या दुकानात उगाच रेंगाळते. उपकेंद्राच्या पायरीवरच्या माणसांना मी ज्या चुकीबद्दल चिडून बोलत असे, तीच मी करीत होते. एका सकाळी औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याने विचारले, "बाई, काय पाहिजे?" आणि मला उत्तर सुचेना.

त्याच आठवड्यात मी जुनी पिशवी काढली. रक्तदाबाचे यंत्र आता पाऱ्याचे नाही, बॅटरीचे आहे. माझ्या घरापासून चालत जाता येतील अशी पाच घरे मी निवडली. एका घरी पक्षाघात झालेले निवृत्त शिपाई, एका घरी मुलांनी सोडलेली विधवा, एका घरी दोन्ही डोळ्यांनी अधू झालेले गुरुजी. वार ठरवला: बुधवार. कधी जाणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप द्यायचा, हा नियम. प्रत्येक घरी काहीतरी मागायचे, हा दुसरा. गुरुजींकडून मी तालुक्याच्या जुन्या हकिगती ऐकते आणि वहीत उतरवून घेते. शिपाईकाका मला बुद्धिबळ शिकवतात आणि मी अजून एकदाही जिंकलेले नाही. ती विधवा भगिनी माझ्यासाठी कारळाची चटणी कुटून ठेवते. कोणाचे एकटेपण मी नाहीसे केले असा माझा दावा नाही. आठवड्याचे सहा दिवस ते तिथे असतेच. पण सातव्या दिवशी कोणीतरी येणार आहे हे ठाऊक असले, की ते सहा दिवस मोजता येतात.

माझ्या या भगिनी-बंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी आणि वृद्धांसाठी राखून ठेवला. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामांतून वृद्धांना फुले दिली जातात, मुले गाणी म्हणतात. तो दिवस जरूर साजरा व्हावा. परंतु फूल संध्याकाळी सुकते, आणि सोमवार उजाडतो. आपल्या धर्मग्रामात, आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत असे एक तरी दार असेल, की ज्याच्या आत कोणीतरी घराचे कुलूप होऊन बसले आहे. कदाचित ते आपल्याच घरातले असेल. त्या दारासाठी आठवड्याचा एक वार ठरवावा. मोठा वेळ द्यावा लागत नाही. माझ्या आजीला दहा मिनिटे पुरत. मुलांना सोबत न्यावे. हातात केळी-बिस्किटे नेली नाहीत तरी चालेल. जाताना एखादा प्रश्न न्यावा, एखादी गोष्ट मागावी. आणि ज्यांच्याभोवती खरोखरच कोणी नाही, अशा वृद्धांसाठी १४५६७ हा सरकारी दूरध्वनी आहे, तो त्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वार ठरवला की तो मोडू नये. मोडावाच लागला तर कळवावे. न ठरवणाऱ्याने काही दिलेले नसते. ठरवून न येणाऱ्याने दिलेले काढून घेतलेले असते. ही शिकवण मला फार महाग पडली, आणि तिची किंमत मी नव्हे, मायने दिली.

आज मंगळवार. अंगणात ऊन उतरले आहे. पिशवीतल्या यंत्राची बॅटरी तपासून ठेवली. गुरुजींच्या हकिगतीची वही आणि पेन ठेवले. गेल्या खेपेस ते १९७२च्या दुष्काळातल्या खडीच्या कामापर्यंत आले होते आणि मी निघताना म्हणाले होते, "पुढचं पुढच्या बुधवारी."

मी हो म्हटले आहे.